दुधाचा दात

काल लेकीला आणि नातवाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. दातांच्या खोलीत शिरताच लवंगेच्या तेलाचा वास आला आणि मी सहा वर्षांची झाले.

तेव्हा हा वास आईच्या गालात दाबलेल्या बोळ्याला होता. तिला सातवा महिना होता. गरोदरपणी दाताला हात लावायचा नाही, असं आमच्या घरात ठरलेलं. म्हणून माझा हलणारा दात पुढे करून ती माधवगंजातल्या आमच्या घरून दातांच्या दवाखान्यात आली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पहले कौन बैठेगा?"

"पहले इसे देख लीजिए," आई पदराने गाल झाकत म्हणाली.

मी खुर्चीत बसले आणि किंचाळले. "अरे, दूध का दाँत है, अपने आप गिर जाएगा," बाई हसल्या. पण मी आईची साडी ओढत दारापर्यंत गेले. "घरी चल, आत्ताच चल!" आईने त्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा वळून बघितलं आणि ती माझ्यामागे आली.

चौथ्या दिवशी माझा दात पडला. आईला दाखवायला गेले, तर ती तापाने फणफणलेली. जबडा सुजून तोंड उघडत नव्हतं. तिने नुसता तळहात पुढे केला. मी दात त्यावर ठेवला. त्याच आठवड्यात ती गेली, पोटातल्या बाळासकट.

"आई, पहले छोटू का दिखा देते हैं, माझं नंतर बघू," लेक म्हणाली. तिलाही सातवा लागलाय.

"आधी तू बैस!" माझा आवाज इतका चढला, की नातू रडायला लागला.

मी त्याला रडू दिलं.