जगाची संसद, बिनविरोध

निवृत्तीनंतर मला खूळ लागलं ते जागतिक संसदेचं. जगाचं भवितव्य सरकारांचे प्रतिनिधी ठरवतात, तिथे सामान्य माणसांनी निवडून दिलेली माणसंही हवीत, अशी पत्रं मी देशोदेशी पाठवत असे. उत्तर आलंच तर आभाराचं. पालिकेची निवडणूकच होत नसल्याने आमच्या वॉर्डाला कित्येक वर्षं नगरसेवक नाही आणि मी निघालो होतो जगाचा खासदार निवडायला! बायको म्हणायची, "भाजा लष्कराच्या भाकऱ्या."

मग एका उन्हाळ्यात आमची बोअर आटली. टँकरसाठी बादल्या लावून बसलेली ती एकदम म्हणाली, "हवामान बिघडवणारा धूर कोणाचा, चटके कोणाला! ठरवणाऱ्यांनी आपल्याला विचारलं का कधी?" तेव्हापासून ती माझ्या खुळात भागीदार झाली.

परराज्यातल्या आमच्या मराठी मंडळाला मी गळ घातली. वार्षिक सभेत लुटुपुटुची निवडणूक घेऊ, जगाच्या संसदेत आपल्या वतीने कोण जाईल ते गुप्त मतदानाने ठरवू. कारखान्यात युनियनच्या निवडणुका घेण्याचा अनुभव होता. मतपेटी मीच केली. बायकोने अर्ज भरला. चाळीस वर्षं तिने मंडळासाठी चैत्रातली आंबेडाळ केली, पण माइक कधी हाती धरला नव्हता. पाण्यावरचं भाषण ती आठवडाभर ओट्यापाशी पाठ करत होती.

दुसरा अर्ज आला अध्यक्षांचा. आमच्या मंडळात मतदान कधीच होत नाही. परक्या मुलखात आपली माणसं मोजकी, त्यांत फूट नको, म्हणून चहावर नाव ठरतं आणि सभेत टाळ्या पडतात. माणसं सगळी भली. अध्यक्ष हसत, इथल्या कानडी ढंगात म्हणाले, "खेळात कसली मतं मोजायची? वहिनी, स्वल्प अ‍ॅडजस्ट करा. बिनविरोध होऊ दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्या सभेने पाहिलं. देशोदेशी लोकशाही मागणारा मी म्हणालो, "जाऊ दे ना, खेळच तर आहे."

तिने अर्ज मागे घेतला. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. भाषण कागदावरच राहिलं. मला माझी लाज वाटली, अजून वाटते.

रिक्षाने घरी परतताना सिग्नलला थांबलो तेव्हा तिने विचारलं, "मतदान झालं असतं, तर तुम्ही कोणाला दिलं असतंत?"

"तुलाच."

"हो," ती म्हणाली, "ते गुप्त राहिलं असतं ना."