सात नंबरचा माग भंगारात निघाला तेव्हा

मेंटेनन्समधे किस्से शोधायला लागत न्हायत. चालू मागापाशी आमाला कोण कशाला बोलावतंय? बंद पडला की हाक येते, अन् हाक आली की किस्सा तयार! टॉवेलचा अख्खा कारखाना आमच्या पान्यावर चालतो. त्यातल्या निम्म्या हाका सात नंबरच्या मागाच्या.

*

नव्या सुपरवायझरनी आमच्या हेड फिटरना, राजण्णांना विचारलं, "सात नंबर रोज पडतो, तरी नव्या मागापेक्षा जास्त चालू कसा काय?"

"सर, नवा कधीतरीच पडतो, पण कंपनीचा माणूस परगावाहून येईपर्यंत आठवडा जातो. सात नंबर उठतो, तवर आमचा चहा पण गार होत न्हाय की!"

सरांनी बोर्डावर लिहिलं, 'अव्हेलेबिलिटी उत्तम.' खाली मी लिहिलं, 'चहा पण.'

*

दसऱ्याला सगळे माग बंद करून पूजा करतात. सात नंबर एकदा बंद केला की चालू व्हायला लई नखरे करतो, म्हणून त्याची पूजा चालूच ठेवून केली. हार आत गेला. झेंडूच्या पाकळ्यांसकट टॉवेल विणून बाहेर!

मालक लालबुंद. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, टॉवेल बघितला. "हे डिझाइन अजून कुठल्या रंगात हाय?"

मी म्हणालो, "शेवंतीत मिळंल."

*

एकदा सात नंबरची स्प्रिंग तुटली. बाजारात मिळंना. तरी दुपारी माग चालू!

मालक खूश. "कुठनं आणली रे स्प्रिंग?" म्हणत आपल्या खुर्चीत बसले ते थेट खाली. उत्तर मिळालं.

त्याच दिवशी ठरलं, सात नंबर भंगारात.

*

भंगारवाले चाचा टेम्पो घेऊन आले. राजण्णा काम शिकले ते ह्याच मागावर. सकाळपासून भंगारात निघालेल्या मागाला पुसून तेल घालत बसलेले.

मी चाचांना आधी आत चहाला बसवलं. चहा झाल्यावर ते टेम्पो दाराशी घ्यायला गेले. स्टार्टर मारला. टेम्पो गप्प.

मी म्हणालो, "चाचा, जुना झाला की. ह्यालाबी भंगारात घाला, एका फेरीत काम!"

चाचा भडकले. "क्या बातां करता रे! बिगड्या है, मर्‍या नै! रिपेर करे तो पूना तक भागता!"

मालक ऐकत होते. त्यांनी सात नंबरकडं बघितलं. मग म्हणाले, "राजण्णा, चाचांचा टेम्पो चालू करून द्या. रिकामाच जाऊ दे."

राजण्णांनी वाकून बघितलं. "हितला फ्यूज कुटं गेला?"

मी खिशातनं एक काढून दिला. बरोबर मापाचा निघाला!