बडतर्फ की सेवामुक्त

इस्लामपुरात तहसील कचेरीसमोर शरयूताई बावीस वर्षं अर्ज टाइप करून देत होत्या. त्यांच्या कागदात खोट निघत नाही, असा लौकिक होता आणि तो त्यांनाही ठाऊक होता.

गुडघा कामातून गेल्यामुळं फौजेतून लवकर घरी आलेला जयराज त्यांच्याकडं आला. कुपवाडच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षकाची जागा होती, तिचा अर्ज करायचा होता. त्याच्या फौजेच्या इंग्रजी दाखल्यातल्या ‘डिस्चार्ज’साठी ताईंनी ‘बडतर्फ’ लिहिलं. त्यानं त्यावर बोट ठेवलं.

“ताई, ह्यो शब्द बराबर हाय न्हवं?”

“कचेरीच्या भाषेत असंच लिहितात,” ताई म्हणाल्या. त्यानं सही केली.

आठवड्यानं एक वकील लाच घेताना सापडलेल्या कारकुनाला घेऊन आले. “आधी निलंबित केलं, म्हणजे तात्पुरतं घरी बसवलं. आता बडतर्फ, म्हणजे गुन्ह्यासाठी कायमचं काढलं,” ते त्याला समजावत होते. ताईंची बोटं थबकली. जयराजला फौजेनं मानानं मोकळं केलं होतं. ‘सेवामुक्त’ लिहायला हवं होतं. त्याचा नंबर अर्जाच्या प्रतीवरच होता. पण फोन केला तर चूक कबूल करावी लागणार. ‘सोबत दाखला आहे, साहेब तो वाचतीलच,’ अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

दोन महिन्यांनी जयराजचे वडील लालासाहेब सात-बाराच्या कामासाठी आले. ताईंनी चाचरतच मुलाची चौकशी केली.

“कुटली नोकरी? मिलिटरीनं हाकललेला मानूस गेटवर नगं म्हनले. गावात बी त्येचाच बोभाटा झाला. मीच त्याला भरल्या ताटावर इचारलं, खरं सांग, तितं काय दिवं लावलंस? तसाच उठला. तवापास्नं माज्यासंगं बोलत न्हाई.”

ताईंनी सात-बाराचा कागद बाजूला ठेवला. “शब्द मी चुकीचा घातला, लालासाहेब. आणि ते मला आठवड्यातच कळलं होतं.”

“आवं, मग येक फोन करायचा हुता.”

ताई त्याच दुपारी त्यांच्यासोबत गावी गेल्या. बापासमोर जयराजला सगळं सांगितलं, माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, “मी इचारलं हुतं तुमास्नी.”

कुपवाडची जागा तोवर भरली होती. पुढं लोणंदला एका गोदामावर त्याला काम लागलं. बापलेक आता बोलतात, कामापुरतं. लोणंदचा अर्ज मात्र त्यानं शेजारच्या टायपिस्टकडून करून घेतला. ताई आपल्या खुर्चीवरून बघत होत्या.