उंबऱ्याबाहेरचे गफूरभाऊ

गफूरभाऊ कुणाच्याही घरासमोर गेले की आधी चपला काढत, दोनदा खोकत आणि "येऊ काय जी?" असं विचारून उत्तराची वाट पाहत. घर माणसांचं असो की गुरांचं, त्यांना फरक नव्हता. एकदा नागभीडजवळ एका रिकाम्या गोठ्यापुढे ते असे ताटकळत उभे होते. "आत कोणी नाही, भाऊ!" मी हसत म्हटलं. "मालक तं असंल ना कुठी," ते म्हणाले आणि मालक येईपर्यंत बिडी ओढत बसले.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. हिवतापाच्या खात्यात आम्ही एका पथकात होतो. चांदा जिल्ह्यात तेव्हा थंडीतापानं गावंच्या गावं अंथरूण धरत. बादल्या, पंप आणि डीडीटीची पोती बैलगाडीत घालून आम्ही जंगलातल्या गावांत जायचो आणि घरांच्या भिंती फवारायचो. एकानं बाहेर बादलीत पंप हापसायचा, दुसऱ्यानं लांब नळी धरून आत औषध मारायचं. गफूरभाऊ पथकप्रमुख, पन्नाशीचे, पाच वेळचे नमाजी. मी ब्रह्मपुरीचा, मॅट्रिक पास, चोवीस वर्षांचा. विज्ञान माझ्या घरी पाणी भरतं, अशा तोऱ्यात वावरायचो.

धानोऱ्याच्या पुढे गोंडांचं चौदा घरांचं एक गाव होतं. मनकू नावाच्या म्हाताऱ्याच्या घरापासून आम्ही सुरुवात केली. त्याच्या आतल्या खोलीत पूर्वजांचं मडकं होतं. तिथं परक्यानं पाऊल टाकायचं नाही, हे त्यानं आधीच सांगितलं होतं. पण त्याच खोलीत त्याचा दोन महिन्यांचा नातू निजायचा, आणि त्याच्या आधीचं लेकरू गेल्या वर्षी तिथंच तापानं गेलं होतं. एका मडक्यापायी आता हेही जायचं, असं मला वाटलं. डोकं फिरलं आणि मी नळी घेऊन सरळ आत शिरलो.

मनकूची बायको जैतीबाई अशी किंचाळली की माझ्या हातून नळीच गळाली. घटकाभरात सगळं गाव अंगणात जमलं. "तुमची दवा घेऊन जा," मनकू म्हणाला. एकेक करून चौदाही घरांची दारं लागली. पोलीस पाटलाला बोलावून जबरदस्तीनं फवारू, असं मी तावातावानं म्हणत होतो.

"देविदास, चूप! लोकाच्या घरात घुसला तू. आता बस तिथी," गफूरभाऊ म्हणाले. मग मनकूपुढे हात जोडून, "माह्या पोरानं चुकी केली. मी मोठा, मंजे चुकी माही. काय करा लागते, सांगा जी."

दुपारपर्यंत ते अंगणात मातीवर बसून होते. औषधाचं अवाक्षर नाही. फक्त एकदा जैतीबाईला त्यांनी विचारलं, "गेलं त्या लेकराचं नाव काय होतं, बाई?" तिनं नाव सांगितलं आणि पदर तोंडाला लावला. गफूरभाऊंचेही डोळे भरले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मी आत नाई येत. नळी तुमी धरा. पंप मी बाहेरून हापसतो."

मनकूनं बराच विचार केला. "नळी बी परकीच हाय," तो म्हणाला.

"मंग काय करू?"

मनकूनं घरातून मोहाची दारू आणली आणि नळी पूर्वजांना चालावी म्हणून तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत शिंपडली. दारूच्या वासानंही तोंड फिरवणारे आमचे गफूरभाऊ! मी दचकून म्हटलं, "भाऊ, दारू!"

"नळीले पाजली, मले नाई," ते म्हणाले आणि ओली नळी उचलून त्यांनी जैतीबाईच्या हातात दिली. नमाजाआधी मात्र नाल्यावर त्यांनी वाळूनं हात घासून घासून लाल केले.

जैतीबाई मडक्यावर टोपली पालथी घालून कामाला लागली. गफूरभाऊ दाराकडे पाठ करून पंप हापसत होते आणि ओरडत होते, "बाई, वरून खाली! हात थांबवू नका!" बाई वळली ती नळीसकट, आणि डीडीटीची धार दारातून थेट माझ्या तोंडावर. आधी मनकू हसला, मग सगळं गाव. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चौदाही घरांतल्या बायकांनी आपापल्या आतल्या खोल्या फवारल्या.

परतताना मी विचारलं, "भाऊ, त्या मडक्यात पूर्वज आहेत, हे तुम्हाला पटतं?"

"नाई."

"मग एवढं सगळं कशाला केलं?"

"पटलं असतं तं त्यात काय मोठं केलं, सांग बरं? आपल्याले पटते त्याचा मान कोणी बी ठेवते."

अहवालात त्यांनी सरळ लिहिलं : आतल्या खोल्या घरच्या बायकांनी फवारल्या. साहेब भडकले. सरकारी पंप अडाणी बायांच्या हाती दिलाच कसा? गफूरभाऊंना पथकातून काढून चांद्याच्या गोदामात पंपदुरुस्तीला बसवलं. पथक मला मिळालं. मान खाली घालून मी गोदामात गेलो आणि म्हणालो, चूक माझी होती, हे मी साहेबांना सांगतो.

"कायले? सायेब बी खोटा नाई," ते शांतपणे म्हणाले. "त्याची नियमावर श्रद्धा हाय. त्याच्या मडक्याले मी हात लावला."

पुढच्या वर्षी मी त्या गावात गेलो. मनकूचा नातू आजीचं लुगडं धरून दुडुदुडु चालत होता. जैतीबाईनं न विचारता माझ्या हातून नळी घेतली. मी बाहेर पंप हापसत राहिलो.

मग अहवालाचा कागद पुढे आला. 'सर्व खोल्या पथकाने फवारल्या' एवढं लिहिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पथक हाती येऊन जेमतेम वर्ष झालेलं, घरी आई मोठ्या कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटलेली. पेन बराच वेळ अडलं. शेवटी मी भाऊंचंच वाक्य जसंच्या तसं लिहून काढलं.

आठवड्याभरात माझ्याही बदलीचा हुकूम आला. तो घेऊन मी गोदामात गेलो. गफूरभाऊंनी कागद दोनदा वाचला आणि ते माझ्यावर खरोखरच चिडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"येड्या, इथी स्टूल एकच हाय!"

मग ते उठले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांनी स्टूल पुसलं, माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः डीडीटीच्या पोत्यावर जाऊन बसले.