हरळीवरची पांढरी जाळी

आधी चाचीचं सांगतो, मग गवताचं. चाची म्हणजे बागवानाची म्हातारी. जालन्यातल्या मस्तगडाकडून रोज सकाळी डोक्यावर मेथी-कांदापातीची पाटी घेऊन मी माळी होतो त्या बंगल्याच्या फाटकाशी यायची. ती नसती तर माझी नोकरी त्या थंडीतच सुटली असती.

नोकरी मी खोटं बोलून मिळवली होती. चौथीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि कोकणातून पोटासाठी जालन्याला आलो. कापसाच्या जीनच्या मॅनेजर साहेबांनी विचारलं, "बागकाम आता है?" मी म्हणालो, "बराबर येतं." येत होती ती भातलावणी. साहेब म्हणाले, संक्रांतीनंतर हैदराबादहून पाहुणे येणार, त्यांच्या खुर्च्या हिरवळीवर मांडायच्या. हिरवळ जमली तर मागची खोली तुझी, बायकोला आण. नाही जमली तर आपल्या गावी जा.

दसरा झाल्यावर हरळीच्या कांड्या लावल्या. महिन्याभरात जमीन हिरवी झाली आणि मी बायकोला पत्र टाकलं, खोली मिळणार म्हणून. ते पत्र गेलं त्याच आठवड्यात गवतात ताटलीएवढी पिवळी वर्तुळं पडली. पहाटे बघावं तर त्यांच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काहीतरी. ऊन चढलं की जाळं नाहीसं, पण वर्तुळ वाढलेलं.

बंगल्यातला खानसामा म्हणाला, "कुत्रं मुतलं असंल."

मी कुत्र्यावर पाळत ठेवली. कुत्रं आलंच न्हाई. मग वाटलं, तहान आहे. आमच्याकडं चार महिने पाऊस कोसळतो, गवताला पाण्यानं कधी काही झालेलं मी पाहिलं नव्हतं. रोज दिवेलागणीला घागरीवर घागरी ओतायला लागलो. वरून ओली तरटं पांघरली. पाच वर्तुळांची अकरा झाली. जेवण जाईना. दिवसातून दहादा जाऊन मोजायचो, जणू मोजल्यानं कमी होणार होती.

एका सकाळी चाचीनं पाटी खाली ठेवली आणि फाटकातूनच ओरडली, "बेटा, पाणी पाजून राह्यला का बुडवून मारून राह्यला?"

"वाळून चाललंय चाची."

"वाळत न्हाई, सडून राह्यलं. माझं कांद्याचं रोप असंच बसलं होतं मागच्या साली." ती आत आली, तरट उचलून नाकाशी धरलं आणि तोंड वाकडं केलं. "हे फेक. पाणी सकाळी, ऊन आल्यावर, तेही दोन दिवसाआड. आणि दव झाड."

"दव कसं झाडायचं?"

"हरभऱ्यावरून फडकं फिरवून आंबट दवाची आंब धरतात, बघितलं न्हाई का? तसं धोतर ओढ. पिळायचं मात्र लांब नेऊन, इथं न्हाई. कापताना आधी चांगलं गवत काप, मंग रोगट. विळा राखेनं पूस."

माझं चुकलं होतं ते नेमकं तिथंच. त्याच विळ्यानं मी आधी पिवळं कापायचो, मग हिरवं. रोग मीच हातानं पेरत फिरलो होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडायला धोतराचं एक टोक मी धरलं, दुसरं खानसाम्याच्या हातात दिलं. तो हसून हसून वाकला. "काय माळीबुवा, गवताला थंडी वाजून राह्यली का?" बोटं बधिर व्हायची. चार दिवस काहीच फरक न्हाई. मी चाचीवर चिडलोही. ती म्हणाली, "जल्दी असंल तर गवत रंगव." आठव्या-नवव्या दिवशी जाळं दिसेना. वर्तुळं तशीच होती, पण बारावं पडलं न्हाई.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी साहेब काठी घेऊन हिरवळीवर आले. वर्तुळांतून नुकते कोंब निघाले होते, विरळ.

"ये गोल गोल क्या है?"

"रोग होता साहेब. मीच वाढवला, पाणी जास्त देऊन. आता थांबलाय."

साहेब काठीनं कोंब टोचत राहिले. शेवटी म्हणाले, "खुर्च्या त्या अंगाला मांड. और बीवी को बुला ले."

होळीच्या आत बायको आली. चाची तिला बघायला आली, मेथीची जुडी मुठीत घेऊन, आणि पहिला प्रश्न केला तो समुद्राचा: "खरंच का गं, त्याला दुसरा काठच न्हाई?" बायको हसली. चाची हसली न्हाई. तिनं गोदावरीपलीकडं काही पाहिलेलं नव्हतं.

आता तिचे गुडघे धरलेत, पाटी तिची सून आणते. तरी मी ठरवलंय. हातात चार दिवसांची रजा आली की चाचीला बैलगाडीनं, आगगाडीनं, जमेल तसं माझ्या गावी नेणार आणि भरतीच्या वेळी वाळूत बसवणार.