फक्त हूं म्हणा

आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी पोट्टी एकटीच मोठमोठ्यानं बोलायची. "हा आकडा इथून तिकडे गेला, मग परत काहून आला?" मला वाटलं, फोनवर कोणाशी भांडत असेल. एक दिवस जिना चढून पाहिलं, तर समोर फक्त लॅपटॉप. तेव्हापासून मी तिला कोडवाली म्हणायला लागलो.

गोल बाजारातल्या कापड दुकानातलं बिलांचं काम सोडून तिनं सहा महिने कोडिंगचा कोर्स केला होता. आता कंपन्यांना अर्ज पाठवत होती, आणि जो तो विचारी, अनुभव किती? दुकानाच्या शेठनं तिची जागा दिवाळीपर्यंत राखून ठेवली होती. तोवर नोकरी लागली नाही तर निमूट काउंटरवर परत, असं ती वडिलांना कबूल करून बसली होती.

एकदा ती खाली आली. "सर म्हणतात, कोड कोणाले तरी समजावून सांगा, चूक आपली आपल्याले दिसते. ज्याले काहीच समजत नाही असा माणूस पाहिजे होता. आजोबा, तुम्ही तर घरातच निघाले! फक्त हूं म्हणा."

मी तिसरी शिकलेला. पण उरला भागातल्या लोखंडाच्या मिलमध्ये ट्रकच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढली आहेत. हूं म्हणणाऱ्यांतला मी नाही. आणि माझ्या गप्पा ऐकून तिनं प्रोग्राम केला होता तोही काट्याचाच. भरलेली गाडी तोला, मग रिकामी तोला, वजाबाकी झाली की मालाचं वजन.

"अन् सळया न्यायले येते ते गाडी? ते तर पहिले रिकामी येते."

"आजोबा, तुम्ही हूं म्हणा ना!"

तरी तिनं तसे आकडे टाकून पाहिले. मालाचं वजन आलं उणे नऊ टन. मी जरा जास्तच हसलो. दोन दिवस पोट्टी खाली उतरली नाही. घर तिचं असतं तर तिनं मलाच काढलं असतं. तिसऱ्या दिवशी आली, लॅपटॉप माझ्या मांडीवर आदळला. "पहा आता!" दोन्ही गाड्या बरोबर. शाबास मी म्हटलं नाही. तशी सवय नाही.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा पुण्याच्या एका कंपनीनं लॅपटॉपवरच मुलाखत ठेवली. वर नेटवर्क नाही, म्हणून ती माझ्या खोलीत बसली. मला ताकीद, "आज हूंही नाही!"

साहेबानं विचारलं, "प्रोग्राम तपासला कोणी?"

पोट्टीनं लॅपटॉप सरळ माझ्याकडे फिरवला. मी बनियनवर.

"नमस्कार. हे पोट्टी पहिले रिकामी येणारी गाडी विसरली होती," मी म्हटलं.

"मग काय केलं तिनं?"

"दोन दिवस तोंड नाही दाखवलं. तिसऱ्या दिवशी दुरुस्त करून आणलं."

कोडवालीनं कपाळावर हात मारला. साहेब हसला. "आमच्याकडे पुष्कळ जण पहिले दोन दिवसच करतात, काका. तिसरा उगवतच नाही."

चार दिवसांनी नोकरीचं पत्र आलं. तिनं माझ्यासमोर दुकानात फोन लावला. "शेठजी, माझी जागा देऊन टाका कोणाले बी." मग बराच वेळ नाक पुसत बसली.

पुण्याला निघताना पाया पडली. मी म्हटलं, "तिथे कोणी चूक दाखवली तर दोन दिवस फुगून बसू नको. एका दिवसात आटप."

"हव, आजोबा," ती म्हणाली.

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझं वाद न घालता ऐकलं. तेव्हा मला समजलं, पोट्टी खरंच चालली.