रतनभाऊंची दुसरी बादली

फोन आला तेव्हा मी आळेफाट्यावर जुन्नरच्या एसटीची वाट बघत होतो. गाडी आली, पण मी चढलोच नाही. रतनभाऊ गेले... त्यांच्या पत्नी कुसुमवहिनींनी एवढंच सांगितलं. त्याला महिना झाला, पण माझा पाय अजून एका जागी ठरत नाही. पुस्तक उघडतो, मिटतो; चहा टाकतो, तो उतू जातो.

रतनभाऊ वायरमन. नोकरीत खांबांवर चढले, निवृत्तीनंतर डोंगरांवर. जुन्नरच्या एका लेण्याजवळ कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी ते त्यातला पालापाचोळा आणि गाळ उपसायचे. त्यांचे वडीलही उपसायचे. मी देश हिंडल्याच्या तोऱ्यात बोलायला लागलो की म्हणायचे, "लई फिरलात मास्तर, पर पाणी कुठं पिलात?" त्या टाक्याचं पाणी त्यांनीच मला पाजलं. दातांना कळ लागावी इतकं गार होतं.

आणि मी काय केलं? याच पुरवणीत त्या टाक्यावर लेख लिहिला, वाटेच्या खाणाखुणांसकट. लोकांनी कौतुक केलं, मी हरभऱ्याच्या झाडावर. त्या उन्हाळ्यात रतनभाऊंनी टाक्यातून पोतंभर प्लास्टिकच्या बाटल्या काढल्या. मला एका शब्दानं बोलले नाहीत, फक्त डोंगरावर बोलावणं थांबवलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! तीन वर्षं मी माफी मागायला निघायचो आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरायचो.

गेल्या दिवाळीनंतर जुन्नरच्या स्टँडवर समोरासमोर आलो. "रतनभाऊ, तो लेख..." मी चाचरलो. तेच म्हणाले, "यंदा या की टाकं साफ कराया. लिवायचं मातर न्हाई." गाडी सुटत होती. "येतो," म्हणालो. माफी मागायची राहूनच गेली.

परवा त्यांच्या घरी गेलो, तर वहिनींनी पडवीतून दोन बादल्या आणल्या. एक चेपलेली, दोर बांधलेली. दुसरी कोरी, दुकानाचं लेबलसुद्धा तसंच. "मास्तर येणार हायती म्हणून आणून ठेवली व्हती," त्या म्हणाल्या. मला तिथं बसवेना.

ती कोरी बादली आता माझ्या दाराशी आहे. येता-जाता ठेच लागते, तरी हलवत नाही. रविवारी टाक्यावर जाणार आहे, वहिनीही येणार आहेत. रतनभाऊंवर लिहितोय म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "वाट सांगितली का वो?"

नाही, रतनभाऊ. या वेळी नाही सांगितली.